झॅबिक्सचा सर्व्हर आणि त्यामागचा डेटाबेस सुरक्षित कसा ठेवावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे लिनक्सवर झॅबिक्स, म्हणजे नेटवर्कमधील यंत्रांवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर, चालवणाऱ्या आणि त्यासोबत मायएसक्यूएल, मारियाडीबी किंवा पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस सांभाळणाऱ्या सिस्टिम अॅडमिनिस्ट्रेटरांसाठी आहेत. आवृत्तीचा वेगळा उल्लेख नसेल तेथे ६.० आणि ७.० या दीर्घकालीन पाठबळ असलेल्या आवृत्त्या गृहीत धरल्या आहेत.

झॅबिक्स केवळ आकडे गोळा करते. मग त्याच्या सर्व्हरला इतके जपण्याचे कारण काय?

आकडे गोळा करण्यासाठी त्याला नेटवर्कमधील जवळजवळ प्रत्येक यंत्रापर्यंत पोहोचण्याची मुभा द्यावी लागते, हे त्याचे पहिले कारण. फायरवॉलमध्ये इतर कोणासाठीही न उघडलेले मार्ग झॅबिक्ससाठी उघडलेले असतात. शिवाय एसएनएमपीचे (नेटवर्क उपकरणांची माहिती विचारण्याच्या पद्धतीचे) सांकेतिक शब्द, आयपीएमआयची (सर्व्हरचे हार्डवेअर दुरून हाताळण्याच्या सोयीची) खाती, डेटाबेस तपासण्यासाठी दिलेले पासवर्ड आणि ईमेल सर्व्हरची ओळखपत्रे हे सारे एकाच ठिकाणी जमा होते. एखादी सेवा बंद पडली तर ती आपोआप सुरू करण्यासाठी रिमोट कमांड, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर दुरून चालवायच्या आज्ञा, बसवल्या असतील, तर हे सॉफ्टवेअर आज्ञाही देऊ लागते.

अशा मध्यवर्ती सॉफ्टवेअरचे काय होऊ शकते, याची उदाहरणे जुनी नाहीत. एप्रिल २०२० च्या अखेरीस सॉल्ट या सर्व्हर व्यवस्थापन प्रणालीतील दोन गंभीर त्रुटी जाहीर झाल्या. दुरुस्त आवृत्त्या उपलब्ध होत्या, तरीही ४५०५ आणि ४५०६ हे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवलेल्या मास्टर सर्व्हरांवर काही दिवसांतच हल्ले झाले, आणि लिनिएजओएस व घोस्ट यांच्या यंत्रणांना त्याची झळ बसली. २ जुलै २०२१ रोजी कासेया व्हीएसए या दूरस्थ व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधून रॅन्समवेअर पसरवले गेले, तेव्हा स्वीडनमधील कूप या किराणा साखळीला पुरवठादाराची यंत्रणा बाधित झाल्यामुळे शेकडो दुकाने बंद ठेवावी लागली. दोन्ही ठिकाणी हल्लेखोराला एकेका यंत्रावर स्वतंत्रपणे घुसण्याची गरज पडली नाही.

फ्रंटएंडवर, म्हणजे झॅबिक्सच्या ब्राउझरमधील पानांवर, कडक पासवर्ड आहे आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणीही सुरू केली आहे. डेटाबेसची वेगळी काळजी का करावी?

कारण डेटाबेस हे त्याच घराचे दुसरे दार आहे, आणि त्या दारावर फ्रंटएंडची पडताळणी लागू होत नाही. या पानावरील बहुतेक उत्तरे याच एका वस्तुस्थितीतून निघतात, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगणे आवश्यक आहे.

झॅबिक्सच्या डेटाबेसमध्ये मोजमापांच्या इतिहासाखेरीज वापरकर्ते, त्यांच्या भूमिका, चालू सत्रांचे क्रमांक, स्क्रिप्टांचा मजकूर आणि कोणत्या घटनेनंतर कोणती आज्ञा चालवायची याचे नियम असतात. ब्राउझरमधील सत्राच्या कुकीवर जी सही केली जाते, त्या सहीची गुप्त किल्लीही डेटाबेसमध्येच असते. ज्याला सत्राचा क्रमांक आणि ही किल्ली अशा दोन्ही गोष्टी वाचता आल्या, तो चालू असलेल्या अॅडमिनच्या सत्राची कुकी स्वतः तयार करू शकतो. त्याला पासवर्ड लागत नाही आणि मोबाइलवरचा सहाआकडी संकेतही लागत नाही. ज्याला लिहिता येते त्याला तर एवढेही करावे लागत नाही, कारण तो आपल्या खात्याची भूमिका बदलतो किंवा एखाद्या स्क्रिप्टचा मजकूर बदलतो, आणि झॅबिक्स सर्व्हर तो बदल प्रामाणिकपणे अमलात आणतो.

हा धोका पुस्तकी नाही. मे २०२४ मध्ये जाहीर झालेल्या सीव्हीई-२०२४-२२१२० (सीव्हीई हा जाहीर त्रुटींना दिला जाणारा क्रमांक) या त्रुटीत ऑडिट लॉगमध्ये, म्हणजे कोणी काय केले याच्या नोंदीत, लिहिला जाणारा पत्ता न तपासता एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला दिल्या जाणाऱ्या आज्ञेत, जात होता, आणि कमी अधिकारांच्या वापरकर्त्याला त्यातून डेटाबेसमधील मूल्ये एकेक करून बाहेर काढता येत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेल्या सीव्हीई-२०२४-४२३२७ मध्ये एपीआय (प्रोग्रॅमने झॅबिक्सशी बोलण्याचा मार्ग) वापरण्याची मुभा असलेले साधे खाते पुरेसे होते, आणि तिच्या गांभीर्याला दहापैकी ९.९ गुण देण्यात आले. दोन्ही त्रुटींत उद्दिष्ट एकच होते, ते म्हणजे डेटाबेस वाचणे.

डेटाबेस झॅबिक्सच्याच यंत्रावर ठेवावा की वेगळ्या?

लहान मांडणीत त्याच यंत्रावर ठेवणे हा कमीपणा समजू नये. डेटाबेस एकाच यंत्रावर असेल तर तो नेटवर्कवर ऐकता न ठेवता युनिक्स सॉकेटवरून (एकाच यंत्रातील प्रोग्रॅमांमधील जोडणीवरून) वापरता येतो, आणि हल्ल्याचा एक संपूर्ण मार्ग बंद होतो. फ्रंटएंडच्या वेब सर्व्हरमधून कोणी त्या यंत्रावर शिरला, तर डेटाबेसच्या फायली त्याच यंत्रावर असतात, ही त्याची दुसरी बाजू.

वेगळे यंत्र निवडले, तर ते खरोखर वेगळे ठेवावे. तेथे इतर प्रकल्पांचे डेटाबेस, फाइल शेअरिंग आणि कोणीतरी सोयीसाठी बसवलेले पीएचपीमायअॅडमिन (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळण्याचे साधन) असे सारे एकत्र असेल, तर वेगळेपणाचा फायदा उरत नाही. माझ्या मते आधी फ्रंटएंड वेगळे काढावे आणि डेटाबेस नंतर, कारण लोकांसमोर येणारा भाग फ्रंटएंड आहे.

डेटाबेस बाहेरून पोहोचण्याजोगा आहे की नाही, हे खात्रीने कसे कळेल?

सेटिंगच्या फायली वाचून अर्धेच कळते. मायएसक्यूएल ८ मध्ये बाइंड-अॅड्रेस (कोणत्या पत्त्यावर ऐकायचे ते ठरवणारे सेटिंग) वेगळा दिला नाही तर डेटाबेस सर्व पत्त्यांवर ऐकतो. डेबियन आणि उबुंटूच्या पॅकेजमध्ये तो १२७.०.०.१ असा, म्हणजे त्याच यंत्रापुरता, बांधलेला असतो, म्हणून उबुंटूची सवय असलेली व्यक्ती दुसऱ्या वितरणावर गेली की फसते. पोस्टग्रेएसक्यूएल मुळात केवळ लोकलहोस्टवर ऐकतो, पण कोणाला जोडू द्यायचे ते ठरवणाऱ्या पीजी-एचबीए फाइलमध्ये चाचणीच्या दिवशी लिहिलेली ‘ट्रस्ट’ (पासवर्ड न विचारता प्रवेश) ही ओळ वर्षानुवर्षे तशीच राहते.

म्हणून यंत्रावर एसएस या आज्ञेने ऐकणाऱ्या पोर्टांची यादी पाहावी, आणि मग दुसऱ्या नेटवर्कमधील यंत्रावरून एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या साधनाने ३३०६ (मायएसक्यूएल) आणि ५४३२ (पोस्टग्रेएसक्यूएल) हे पोर्ट तपासावेत. ही दुसरी तपासणी टाळू नये. विशेषतः डेटाबेस डॉकरमध्ये (प्रोग्रॅम स्वतंत्र कंटेनरमध्ये चालवण्याच्या प्रणालीत) चालवला असेल आणि कंटेनरचा पोर्ट यंत्राच्या पोर्टाशी जोडला असेल, तर डॉकर स्वतःचे नियम लिनक्सच्या आयपीटेबल्समध्ये घालतो आणि ती रहदारी यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून आत येते. यूएफडब्ल्यू ‘नाकारले’ असे दाखवत असतानाच पोर्ट जगासाठी उघडा असतो. यावर साधा उपाय असा, की पोर्ट जोडायचाच असेल तर तो १२७.०.०.१ या पत्त्यासह जोडावा. त्याहून चांगला उपाय म्हणजे तो जोडूच नये आणि कंटेनरांनी आपापसांतील अंतर्गत नेटवर्कवर बोलावे.

झॅबिक्सच्या डेटाबेस वापरकर्त्याला कोणते अधिकार द्यावेत?

बहुतेक मार्गदर्शिकांमध्ये स्थापनेच्या वेळी त्या डेटाबेसवरील सर्व अधिकार देण्याची आज्ञा असते आणि ती स्थापनेपुरती योग्यही आहे. रोजच्या कामाला मात्र वाचणे, भरणे, बदलणे आणि पुसणे हे चार अधिकार पुरतात. कोष्टके तयार करणे, त्यांची रचना बदलणे, ती काढून टाकणे, अनुक्रमणिका आणि संदर्भ घालणे हे अधिकार केवळ आवृत्ती बदलताना लागतात. ते त्या वेळी द्यावेत आणि काम झाल्यावर काढून घ्यावेत. यात थोडी कटकट आहे आणि अपग्रेडच्या रात्री ती हमखास आठवते, म्हणून अपग्रेडच्या टिपणात ही पायरी पहिल्याच ओळीत लिहावी. सर्व्हरसाठी एक खाते आणि फ्रंटएंडसाठी दुसरे असे केल्यास नोंदींवरून कोणती चौकशी कोणाकडून आली हे वेगळे ओळखता येते, आणि एकाचा पासवर्ड दुसऱ्याला न थांबवता बदलता येतो.

काही अधिकार कधीच देऊ नयेत. मायएसक्यूएलमधील फाइल हा अधिकार डेटाबेसच्या यंत्रावरील फायली वाचण्या-लिहिण्याचा मार्ग उघडतो. पोस्टग्रेएसक्यूएलमधील सुपरयूजरला तर कॉपी या आज्ञेतून थेट ऑपरेटिंग सिस्टिमवरील प्रोग्रॅम चालवता येतो, म्हणजे तेथे एसक्यूएलमधील त्रुटी आणि यंत्रावरचा ताबा यांत काहीच अंतर राहत नाही.

एक लहान गोष्ट वारंवार विसरली जाते. मायएसक्यूएलवर सुरुवातीची रचना आयात करताना लॉग-बिन-ट्रस्ट-फंक्शन-क्रिएटर्स हे सेटिंग १ करावे लागते, आणि आयात झाल्यावर ते पुन्हा ० करायचे असते. चालू प्रणालीत ते १ दिसले, तर स्थापनेचे इतर टप्पेही अर्धवट राहिले आहेत का, ते तपासून पाहावे.

सर्व्हर आणि डेटाबेस यांच्यातील जोडणी एन्क्रिप्ट करावी का? दोन्ही यंत्रे आमच्याच रॅकमध्ये आहेत.

करावी. एकाच यंत्रावर सॉकेटने जोडणी असेल तर एन्क्रिप्शनची गरज नाही; वायर मध्ये आली की गरज आहे, मग ती वायर स्वतःच्या रॅकमधली का असेना. ५.० पासून सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये डीबीटीएलएसकनेक्ट हा पर्याय आहे आणि फ्रंटएंडच्या मांडणीतही तशी सोय आहे. ‘रिक्वायर्ड’ एवढेच दिले तर संवाद गुप्त होतो, परंतु समोरचा डेटाबेस खरोखर आपलाच आहे याची खात्री होत नाही. त्यासाठी ‘व्हेरिफाय-फुल’ आणि स्वतःच्या प्रमाणन संस्थेचे प्रमाणपत्र लागते. दुसऱ्या टोकाला डेटाबेसनेही साधी जोडणी नाकारली पाहिजे. मायएसक्यूएलमध्ये रिक्वायर-सिक्युअर-ट्रान्सपोर्ट हे सेटिंग आणि पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये ‘होस्ट’ऐवजी ‘होस्टएसएसएल’ ही ओळ हे काम करते.

डेटाबेसचा पासवर्ड सेटिंग फाइलमध्ये उघड्या मजकुरात असतो. तो लपवता येत नाही का?

पूर्णपणे नाही. मनुष्याच्या मदतीशिवाय सुरू होणाऱ्या कोणत्याही सेवेला तिचे पहिले गुपित कोठून तरी वाचावेच लागते. झॅबिक्स सर्व्हरची सेटिंग फाइल आणि फ्रंटएंडची पीएचपी सेटिंग फाइल या दोन्ही रूटच्या (यंत्रावरील सर्वाधिकारी खात्याच्या) मालकीच्या असाव्यात, आणि त्या त्या सेवेच्या गटालाच वाचता याव्यात. वेब सर्व्हरच्या खात्याला सर्व्हरची फाइल वाचण्याचे काही कारण नाही. या फायलींच्या प्रती घरच्या डिरेक्टरीत, गिटच्या भांडारात किंवा ‘ओल्ड’ अशा नावाने शेजारीच पडल्या आहेत का, हेही पाहावे, कारण पासवर्ड सहसा तेथूनच फुटतो.

५.२ पासून हॅशिकॉर्प व्हॉल्ट या गुपिते सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून डेटाबेसची ओळखपत्रे वाचता येतात, आणि ६.२ पासून सायबरआर्कमधूनही. त्यामुळे पासवर्ड बदलणे सोपे होते आणि कोणी कधी वाचला याची नोंद राहते. व्हॉल्टचे टोकन मात्र त्याच यंत्रावर असते, त्यामुळे यंत्र हातातून गेले तर व्हॉल्टही फार काळ वाचवत नाही.

मॅक्रो (सेटिंगमध्ये वापरायचे नाव दिलेले मूल्य) ‘सीक्रेट टेक्स्ट’ प्रकारचा केला तर तो सुरक्षित होतो का?

तो फ्रंटएंडमध्ये दिसत नाही, इतकेच. डेटाबेसमध्ये तो उघड्या मजकुरातच असतो. एजंटांशी (नजर ठेवायच्या यंत्रांवर बसवलेल्या झॅबिक्सच्या प्रोग्रॅमांशी) एन्क्रिप्टेड संवादासाठी दिलेल्या सामाईक किल्ल्याही तशाच साठवल्या जातात. याउलट वापरकर्त्यांचे पासवर्ड ५.० पासून बीक्रिप्टने हॅश केलेले, म्हणजे उलट वाचता न येणाऱ्या रूपात, असतात. जे मॅक्रो खरोखर नाजूक आहेत ते व्हॉल्टमध्ये ठेवावेत, म्हणजे डेटाबेसमध्ये केवळ त्यांचा मार्ग राहतो.

संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली तर हे सारे प्रश्न सुटतील का?

लक्स या लिनक्सच्या पद्धतीने एन्क्रिप्ट केलेली डिस्क चोरीला गेलेल्या किंवा भंगारात विकलेल्या डिस्कपासून वाचवते. चालू यंत्रात डिस्क उघडलेलीच असते. ती जरूर एन्क्रिप्ट करावी, पण एसक्यूएलमधील त्रुटीवरचा उपाय म्हणून तिच्याकडे पाहू नये.

ज्या यंत्रावर झॅबिक्स चालते त्या यंत्रावर किमान काय केलेले असावे?

एसएसएचवर पासवर्डने प्रवेश बंद, रूटचा थेट प्रवेश बंद, केवळ किल्लीने आणि तोही व्यवस्थापनाच्या नेटवर्कमधून किंवा व्हीपीएनवरून. प्रत्येक व्यक्तीचे स्वतंत्र खाते. या गोष्टी सर्वांना माहीत असतात, म्हणून त्यांवर अधिक लिहीत नाही.

झॅबिक्सच्या बाबतीत खास लक्ष सुडोच्या (रूटच्या अधिकाराने आज्ञा चालवू देणाऱ्या साधनाच्या) नियमांकडे द्यावे. झॅबिक्स सर्व्हर आणि एजंट साधारण अधिकारांच्या खात्याखाली चालतात. अलाऊरूट हे सेटिंग मुद्दाम बदलल्याशिवाय ते रूट म्हणून चालत नाहीत. पण एखादी स्क्रिप्ट परवानगीअभावी अडली की घाईत झॅबिक्स या खात्याला कोणत्याही पासवर्डशिवाय सर्व आज्ञांची सुडो परवानगी दिली जाते. ती ओळ लिहिली गेली की मूळ रचनाकारांनी घेतलेली सारी काळजी एका क्षणात वाया जाते. परवानगी द्यायचीच असेल, तर एका ठरावीक आज्ञेला, तिच्या पूर्ण मार्गासह आणि ठरावीक पर्यायांसह द्यावी, आणि ती आज्ञा ज्या फाइलमध्ये आहे ती झॅबिक्सच्या खात्याला बदलता येऊ नये.

एसईलिनक्स (प्रोग्रॅमांवर बंधने घालणारी लिनक्सची सुरक्षा यंत्रणा) बंद करण्याचा सल्ला इंटरनेटवर सर्वत्र आढळतो आणि तो मानू नये. रेड हॅटच्या कुळातील वितरणांवर झॅबिक्सला नेटवर्कवर बोलू देणारे आणि वेब सर्व्हरला झॅबिक्सशी जोडू देणारे स्वतंत्र स्विच आहेत. ते चालू केल्यावर बहुतेक अडचणी दूर होतात, आणि उरलेल्या अडचणींची नोंद ऑडिटच्या लॉगमध्ये मिळते.

कोणते पोर्ट उघडे ठेवावेत?

सक्रिय (स्वतःहून माहिती पाठवणारे) एजंट आणि प्रॉक्सी (माहिती गोळा करून पुढे पाठवणारे मध्यस्थ) झॅबिक्स सर्व्हरच्या १००५१ या पोर्टवर येतात, तर निष्क्रिय तपासणीसाठी सर्व्हर एजंटच्या १००५० या पोर्टवर जातो. फ्रंटएंडला ४४३ पुरतो. १००५१ इंटरनेटवर उघडा ठेवण्याऐवजी शाखांच्या ठिकाणी प्रॉक्सी ठेवून तिच्याच पत्त्यांना मुभा द्यावी, आणि तो संवाद प्रमाणपत्राने किंवा सामाईक किल्लीने एन्क्रिप्ट करावा.

एजंटवर रिमोट कमांड सुरू ठेवाव्यात का?

एजंटमध्ये सिस्टिम-रन ही यंत्रावर आज्ञा चालवणारी तपासणी आपोआप बंदच असते आणि ती तशीच राहू द्यावी. तिची गरज वाटते तेथे बहुधा यूजरपॅरामीटरने ठरावीक आज्ञा नेमून देणे पुरते. सुरू करावीच लागली, तर अलाऊकी (परवानगी) आणि डिनायकी (नकार) या सेटिंगांनी नेमक्या आज्ञांपुरती करावी. या ओळींचा क्रम महत्त्वाचा असतो, कारण पहिली जुळणारी ओळ निर्णय ठरवते. ७.० पासून नव्या स्थापनेत सर्व्हरवर चालणाऱ्या जागतिक स्क्रिप्ट बंद असतात. जुन्या आवृत्तीवरून वर आलेल्या प्रणालीत मात्र त्या सुरूच असण्याची शक्यता असते, म्हणून तेथे स्वतः पाहून घ्यावे.

फ्रंटएंडमध्ये काय तपासावे?

‘अॅडमिन’ या खात्याचा मूळ पासवर्ड ‘झॅबिक्स’ असतो, आणि तो बदलला नाही अशा प्रणाली आजही सापडतात. ‘गेस्ट’ हे खाते बंद गटातच आहे ना, ते पाहावे. ज्या भूमिकांना एपीआय लागत नाही त्यांची एपीआयची मुभा काढून घ्यावी. वर सांगितलेल्या सीव्हीई-२०२४-४२३२७ या त्रुटीत एवढ्यानेच त्या खात्यांचा मार्ग बंद झाला असता. एसएएमएल (वेगळ्या ओळख-सेवेवरून लॉगिन करण्याची पद्धत) वापरत असाल, तर सीव्हीई-२०२२-२३१३१ ची आठवण ठेवावी. तिच्यात सत्राची माहिती न तपासता स्वीकारली जात होती आणि पासवर्डाशिवाय अॅडमिन होता येत होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या सीआयएसए या संस्थेने प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत तिची नोंद केली. ७.० मध्ये दुसऱ्या टप्प्याची पडताळणी मुळातच उपलब्ध आहे, पण अवघ्या पाच जणांना लागणारे फ्रंटएंड इंटरनेटवर ठेवायचेच कशाला, हा प्रश्न त्याआधी विचारावा.

बॅकअप कसा घ्यावा?

डेटाबेसचा बॅकअप म्हणजे डेटाबेसच होय. त्यात सत्रे, किल्ल्या आणि उघड्या मजकुरातील मॅक्रो सारे येते. ज्या डेटाबेसभोवती तीन फायरवॉल आहेत, त्याचा डंप (बॅकअपची फाइल) सर्वांना वाचता येणाऱ्या शेअरवर ठेवलेला असणे ही अगदी नेहमीची स्थिती आहे. बॅकअपचे खाते केवळ वाचणारे असते म्हणून ते निरुपद्रवी समजले जाते. परंतु वाचणे पुरेसे असते, हे वर आलेच आहे. रेप्लिका सर्व्हर (डेटाबेसची चालती प्रत) आणि बायनरी लॉग (डेटाबेसमधील बदलांची नोंद) यांनाही हेच लागू होते.

डंप तयार होतानाच एन्क्रिप्ट करावा, आणि उलगडण्याची किल्ली झॅबिक्सच्या यंत्रावर ठेवू नये. झॅबिक्सच्या यंत्राने बॅकअप सर्व्हरवर फायली ढकलण्यापेक्षा बॅकअप सर्व्हरने येऊन त्या घेऊन जाव्यात, म्हणजे झॅबिक्सचे यंत्र हातातून गेले तरी जुने बॅकअप पुसता येत नाहीत. इतिहासाची कोष्टके फार मोठी असतात, म्हणून अनेक जण रोज केवळ मांडणीची कोष्टके घेतात आणि इतिहास आठवड्यातून एकदा घेतात. हा मार्ग योग्य आहे, फक्त परत बसवून पाहण्याचा सराव त्याच पद्धतीने झालेला असावा.

अपडेट किती तातडीने करावेत?

एकाच आवृत्तीतील सुरक्षेच्या दुरुस्त्या शक्य तितक्या लवकर, शक्यतो त्याच आठवड्यात. मोठी आवृत्ती बदलताना सर्व्हर सुरू होताच डेटाबेसची रचना बदलतो आणि मागे येण्यासाठी बॅकअप परत बसवण्यावाचून मार्ग राहत नाही, म्हणून लोक थांबतात, आणि ते समजण्याजोगे आहे. खालच्या थराकडे होणारे दुर्लक्ष मात्र समजण्याजोगे नाही. मायएसक्यूएल ५.७ चे पाठबळ ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि सेंटओएस ७ चे ३० जून २०२४ रोजी संपले. त्या पायावर झॅबिक्स कितीही नवे ठेवले तरी उपयोग मर्यादित राहतो.

लॉग किती काळ आणि कोठे ठेवावेत?

भारतातील संस्थांसाठी सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश लागू आहेत. त्यांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात, निर्देशांत नमूद केलेल्या प्रकारची घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावी लागतात. पुण्यातील लहान सेवा पुरवठादारालाही यातून सूट नाही.

झॅबिक्सचा स्वतःचा ऑडिट लॉग डेटाबेसमध्ये असतो, म्हणजे डेटाबेसमध्ये लिहू शकणारा तो पुसूही शकतो. म्हणून वेब सर्व्हरचे, एसएसएचचे, सुडोचे आणि डेटाबेसच्या जोडण्यांचे लॉग वेगळ्या यंत्रावर सतत पाठवत राहावे, आणि त्या यंत्रावर झॅबिक्सच्या कोणत्याही खात्याला प्रवेश असू नये.

घुसखोरीचा संशय आला तर प्रथम काय करावे?

यंत्र बंद करू नये. नेटवर्कवरून तोडावे आणि डिस्कची व शक्य असल्यास मेमरीची प्रत घ्यावी. त्यानंतर स्क्रिप्टांचा मजकूर, कृतींतील रिमोट कमांड, अलीकडे बनलेली किंवा भूमिका बदललेली खाती आणि एपीआयची टोकने तपासावीत. तुलनेसाठी जुना बॅकअप येथे फार उपयोगी पडतो, कारण दोन डंपांमधील मांडणीच्या कोष्टकांचा फरक काही मिनिटांत काढता येतो.

त्यानंतर बदलण्याची यादी लांब असते, आणि ती कापू नये. डेटाबेसचे पासवर्ड आणि सर्व वापरकर्त्यांचे पासवर्ड बदलावेत, सारी चालू सत्रे रद्द करावीत आणि सत्राच्या सहीची किल्ली बदलावी. एपीआयची टोकने, एजंट आणि प्रॉक्सीच्या सामाईक किल्ल्या, एसएनएमपी आणि आयपीएमआयची ओळखपत्रे, ईमेल आणि एसएमएस सेवेचे पासवर्ड, व्हॉल्टचे टोकन आणि मॅक्रोमध्ये ठेवलेले प्रत्येक गुपितही त्या यादीत येते. ही गुपिते जुन्या यंत्रावर बदलू नयेत. नवे यंत्र बसवावे, त्यावर तपासलेली मांडणी आणावी, आणि मगच बदलास सुरुवात करावी. शेकडो स्विचांवरील एसएनएमपीचे सांकेतिक शब्द बदलायला कित्येक दिवस लागतात. तोवर त्या स्विचांनी नव्या झॅबिक्सच्या पत्त्याखेरीज कोणालाही उत्तर देऊ नये, असा नियम पहिल्याच दिवशी घालून ठेवावा.